गावाकडचा पोरगा आणि एएफएल: ड्राफ्टच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षं

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टनला राहणाऱ्या एका बाबांचा प्रश्न आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, गावच्या क्लबात फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळतो. कोचने यंदा त्याला मरे बुशरेंजर्स या त्या भागाच्या अठराखालच्या संघाच्या निवड शिबिराला पाठवा असं सांगितलंय. घरात दोन मतं आहेत. बाबांचं म्हणणं, अंगात आहे तर खेळू द्यावं. आईला अकरावी-बारावीची आणि डोक्याला मार बसण्याची धास्ती. 'गावाकडच्या मुलाचं यात खरंच करिअर होतं का, आणि झालंच तर ते असतं कसं?' असं त्यांनी विचारलंय.

मी व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागात फिजिओथेरपिस्ट आहे. शनिवारी मैदानाच्या कडेला टेप आणि बर्फ घेऊन उभं राहायचं, आणि एरवी ड्राफ्टच्या, म्हणजे एएफएल या सर्वोच्च स्पर्धेतले क्लब नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीच्या, उंबरठ्यावरच्या मुलांचे गुडघे, पाठी, हॅमस्ट्रिंग बघायचे, हे काम बरीच वर्षं करतेय. यातली काही मुलं टीव्हीवर दिसली, बाकीची दिसली नाहीत. दोघांच्याही घरी काय काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: होतं. या खेळाला गावांनी जेवढं दिलंय तेवढं क्वचितच दुसऱ्या कुणी दिलं असेल. डस्टिन मार्टिन कॅसलमेनचा, जोएल सेलवुड बेंडिगोचा, स्कॉट पेंडलबरी सेलचा. लान्स फ्रँकलिन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डॉवरिनचा, नॅट फाइफ लेक ग्रेसचा, आणि ही दोन्ही गावं नकाशावर शोधावी लागतात. जेरेमी कॅमेरॉन डार्टमूरचा, ते तर त्याहून लहान. आणि तुमच्या नदीपलीकडे, मुरूप्नाला वाढलेला क्लेटन ऑलिव्हर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर मेलबर्नकडे गेला आणि २०२१ ची प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, जिंकला. तुमच्या मुलाच्या शाळेत हे नाव रोज निघत असेल.

याचं कारण गावातल्या शनिवारात आहे. सकाळी लहान गट, मग अठराखालचे 'थर्ड्स', मग रिझर्व्ह्ज, दुपारी सीनियर्स. शेजारच्या कोर्टावर मुलींचं नेटबॉल. कुंपणाला लागून उभ्या गाड्या, गोल झाला की हॉर्न. पोरगं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बॉल मारत असतं, आणि सोळाव्या वर्षी बरा खेळत असेल तर मोठ्या, दाढीवाल्या माणसांच्या अंगावर जाऊन मार्क, म्हणजे हवेतला झेल, घ्यायला शिकतं. शहरातल्या मुलाला हे इतक्या लवकर मिळत नाही. पूर्वी तर व्हीएफएलच्या, म्हणजे एएफएलच्या जुन्या रूपाच्या, प्रत्येक क्लबला गावांचे पट्टे वाटून दिलेले होते: बेंडिगोकडची मुलं कार्लटनकडे, रिव्हरिनाची साउथ मेलबर्नकडे. १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला आणि ती वाटणी मागे पडली. आता मुलगा कुठल्याही गावचा असो, त्याला कुठलाही क्लब उचलू शकतो.

आता आकडे, कारण ते आधी बघितलेले बरे. सध्या अठरा क्लब आहेत. टास्मानियाचा एकोणिसावा २०२८ मध्ये येणार आहे. एका क्लबच्या लिस्टवर चाळीस-बेचाळीस खेळाडू, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेत सगळे मिळून आठशेच्या आसपास. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये देशभरातून साठ-सत्तर मुलं घेतली जातात. तुमच्या लीगमधल्या सगळ्या क्लबांतली सोळा-सतरा वर्षांची मुलं एका मैदानावर उभी केली, तर एखाद्या वर्षी त्यातून एक जाईल, एखाद्या वर्षी एकही नाही. म्हणून 'निवड होईल का?' हा प्रश्न मी आईबाबांना बाजूला ठेवायला सांगते. पंधरा ते वीस या वयात मुलाच्या हातून काय सुटतंय आणि काय हाताशी राहतंय, याचा निर्णय मात्र तुमच्या घरात होतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

वाट अशी आहे. तुमचा पट्टा, म्हणजे शेपर्टन, वँगरॅटा, वोडोंगा, मरे बुशरेंजर्सकडे येतो. तसे बेंडिगो पायोनियर्स, गिप्सलँड पॉवर, जिलाँग फाल्कन्स, बॅलरॅटकडचे रेबेल्स. ही अठराखालची स्पर्धा १९९२ पासून चालू आहे, आता तिला कोट्स टॅलेंट लीग म्हणतात. त्यातून चांगली मुलं 'व्हिक कंट्री' संघात जातात आणि राष्ट्रीय स्पर्धेत व्हिक मेट्रो, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि अलाइज (बाकीच्या भागांचा एकत्र संघ) यांच्याशी खेळतात. मग ड्राफ्ट कंबाइन: वीस मीटरची धाव, उंच उडी, चपळाईची चाचणी, दोन किलोमीटरची शर्यत, आणि क्लबांच्या मुलाखती. वीस मीटर तीन सेकंदांच्या आत आणि दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास पळणारा मुलगा लक्षात राहतो. पण रिक्रूटर लोक मैदानाच्या कडेला वही घेऊन वर्षभर बघत असतात ते वेगळंच: बॉल हातातून निसटल्यावर दुसऱ्या क्षणी मुलगा काय करतो, थकल्यावर डाव्या पायाने किक कशी जाते, सोबतचा चुकला तर तोंडातून काय निघतं.

पंधराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून काहीही बिघडत नाही, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. या वयाच्या संघात बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली, लवकर उंच झालेली मुलं दिसतात. अॅडम गुड्स हॉर्शमहून बॅलरॅटच्या संघात आला, १९९७ मध्ये त्रेचाळिसाव्या क्रमांकावर सिडनीने घेतला, पहिलं अख्खं वर्ष राखीव संघात काढलं, आणि पुढे दोन ब्राउनलो मेडल, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची पदकं, आणि ३७२ सामने. पेंडलबरी तर कॅनबेराला बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर होता; ती सोडून फुटीकडे परतला आणि चारशेहून जास्त सामने खेळला. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावर होणारा ड्राफ्टही पुन्हा सुरू झालाय, त्यात विशीतली, कामधंदा करणारी मुलंही घेतली जातात.

आता माझ्या कामाकडे येते, कारण इथे मी सगळ्यात जास्त नुकसान होताना बघते.

एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. घरचा दुधाचा धंदा, पहाटे बापाबरोबर दूध काढायला उठणारा. 'कंबर आखडलीय, शनिवारपर्यंत मोकळी करून द्या' एवढंच म्हणणं. मी त्याला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगितलं. उजव्या पायावर काही नाही. डाव्या पायावर वाकताच त्याने टेबलाची कड पकडली. मग मी फळ्यावर त्याच्याकडून आठवडा लिहून घेतला. मंगळवार-गुरुवार क्लबचा सराव. बुधवारी टॅलेंट संघाचा सराव, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर गाडीत. शुक्रवारी शाळेचा संघ. शनिवारी थर्ड्सचा पूर्ण सामना, आणि माणूस कमी पडला म्हणून रिझर्व्ह्जचा अर्धा. रविवारी टॅलेंट संघाचा सामना. यात कुणी वाईट नव्हतं. प्रत्येक कोच आपापलं दीड तासाचंच मागत होता, फक्त बेरीज कुणी केली नव्हती. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्याला ताणाचं फ्रॅक्चर निघालं आणि हंगाम तिथेच संपला. वेळेवर सापडलं म्हणून ते पूर्ण भरून आलं. ओढत नेलं असतं तर आयुष्यभराचं दुखणं झालं असतं.

म्हणून फ्रिजवर एक कागद लावा. कुठल्या दिवशी किती वेळ खेळला, किती जोरात, हे मुलानेच लिहायचं. आठवड्यात एक दिवस पूर्ण रिकामा, आणि एका शनिवार-रविवारात दोन सामने नाहीत. कोचला हे आईबाबांनी सांगायचं असतं. पंधरा वर्षांचा मुलगा कोचला नाही म्हणू शकत नाही. एका बाजूची कंबरदुखी, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध बोटाने दाखवता येणारं दुखणं, जांघेत सकाळी येणारा कडकपणा, या तीन गोष्टी दहा दिवसांपेक्षा जास्त राहिल्या तर मसाज करून पुढे ढकलू नका. दाखवून घ्या.

आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. आपल्या सावळ्या कातडीला व्हिक्टोरियाच्या हिवाळ्यात पुरेसं व्हिटॅमिन डी मिळत नाही, आणि फुटीचा हंगाम नेमका हिवाळ्यातच. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, रक्त तपासून घ्या, लोहही बघायला सांगा. घर शाकाहारी असेल तर अडचण काही नाही, पण वरण-भात-पोळी-भाजीच्या नेहमीच्या ताटावर आठवड्याला चार-पाच दिवस पळणारा मुलगा भागवू शकत नाही. सरावानंतर अर्ध्या तासात दूध, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, आणि सोबत पोटभर भात. वाढत्या वयात पळणाऱ्या मुलाचं वजन महिनोन्महिने जागचं हललं नाही तर तो कमी खातोय, असं समजा.

अंतराचा हिशेबही आधी करा. मिलड्युराची मुलं पायोनियर्ससाठी बेंडिगोला चारशे किलोमीटर येतात. त्या मानाने बुशरेंजर्सचं वँगरॅटा तुम्हाला जवळ. तरी दोघांच्या शिफ्ट असतील, गाडी एकच असेल, धाकटं भावंड असेल, तर हे वर्ष सगळ्या घराचं जातं. टीम मॅनेजरला विचारा, शेपर्टनहून आणखी कोण येतं. गावात लोक मुलं वाटून नेतात, आणि त्यात आपल्या लोकांनी संकोच करायचं कारण नाही. तुम्ही एका शनिवारी कँटीनमध्ये उभे राहिलात, पाण्याच्या बाटल्या नेल्यात, की तुमचा मुलगा सगळ्यांचा होतो.

बोर्डिंग शाळेची शिष्यवृत्ती कदाचित पुढे येईल. बॅलरॅटचं सेंट पॅट्रिक्स, किलमोरचं असम्प्शन या शाळांतून कितीतरी खेळाडू निघालेत, फाइफही पर्थला बोर्डिंगमध्येच होता. काही मुलं तिथे फुलतात. पण पंधराव्या वर्षी घर सोडण्याचा त्रास मोठा असतो, आणि खेळ थांबला तर शिष्यवृत्तीचं काय होणार हे लेखी विचारल्याशिवाय सही करू नका.

समजा, झाली निवड. नोव्हेंबरची रात्र, नाव पुकारलं, घरात जल्लोष. क्लब मुलगा निवडतो, मुलगा क्लब निवडत नाही. शेपर्टनचा मुलगा पर्थला जाऊ शकतो, ब्रिस्बेनला जाऊ शकतो, आणि काही दिवसांत प्रीसीझनसाठी हजर व्हायचं असतं. बऱ्याच क्लबांत पहिलं वर्ष एखाद्या कुटुंबाच्या घरी राहायची सोय करतात. अठरा वर्षांचा पोरगा, गावात सगळे नावाने ओळखणारे, आणि इथे आपल्यासारखेच चाळीस जण, आपल्याहून जोरात पळणारे. मी ज्यांना ओळखते त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वर्ष आताच्या व्हीएफएलच्या, म्हणजे एएफएलखालच्या दुय्यम स्पर्धेच्या, राखीव सामन्यांत आणि दुखापतीच्या खोलीत गेलं. शरीर मोठ्यांच्या सरावाला तयार नसतं. एकदा हॅमस्ट्रिंग गेली की दुसऱ्यांदा जायची भीती, आणि करार बहुधा दोनच वर्षांचा.

घरची ओढ ही इथली खरी दुखापत आहे, आणि ती कमकुवतांनाच होते असं नाही. थोरला गॅरी अॅबलेट ड्रुइनचा. हॉथर्नकडून १९८२ मध्ये सहा सामने खेळला, शहर मानवलं नाही, गावाकडे परतला आणि पुढचं वर्ष तुमच्याच बाजूच्या मर्टलफर्डसाठी खेळला. १९८४ मध्ये जिलाँगने त्याला बोलावलं. जिलाँग मोठं असलं तरी मेलबर्न नव्हतं. १९८९ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने नऊ गोल मारले, संघ हरला तरी सर्वोत्तम खेळाडूचं पदक त्याला मिळालं. त्याला कुणी दुसरी संधी दिली नसती तर हे काहीच घडलं नसतं.

पॅट्रिक डेंजरफिल्डचं उदाहरण मी प्रत्येक आईला सांगते. जिलाँगजवळच्या किनाऱ्यावरचा मुलगा, २००७ मध्ये अॅडलेडने दहाव्या क्रमांकावर घेतला. बारावी राहिली होती. तो २००८ चं वर्ष घरीच राहिला, शाळा पूर्ण केली, आणि अधूनमधून अॅडलेडला जाऊन खेळला. त्याच वर्षी त्याचं पदार्पणही झालं. २०१५ च्या हंगामानंतर तो घराजवळ जिलाँगला परतला, लगेच २०१६ चं ब्राउनलो जिंकला, २०२२ ची प्रीमियरशिपही. बारावी केल्याने त्याचं काही गेलं नाही. वहिनींना हे जरूर वाचून दाखवा.

पैसा चांगला आहे, त्याबद्दल आडपडदा नको. २०२३ मध्ये ठरलेल्या करारानुसार पुरुष खेळाडूंचं सरासरी वार्षिक मानधन ३,८७,००० डॉलरवरून २०२७ पर्यंत ५,१९,००० डॉलरवर जायचं आहे. पण ही सरासरी वरच्या मोजक्या नावांमुळे फुगते. नवा मुलगा साधारण एक लाखाच्या आसपास सुरुवात करतो, वर सामन्यांचे पैसे. तेवीस-चोविसाव्या वर्षी, सीझन संपल्यावर, एक्झिट मीटिंगमध्ये 'करार पुढे नेत नाही' हे वाक्य फार जणांना ऐकावं लागतं. तीनशे सामने खेळणारे आपल्याला माहीत असतात कारण ते तीनशे सामने दिसतात. वीस-पंचवीस सामन्यांवर थांबलेले माझ्या टेबलावर येतात.

त्यांच्यातले जे सावरतात त्यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसलीय: हातात दुसरं काहीतरी होतं. कुणी इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप अर्धी केली होती, कुणी अर्धवेळ डिग्री करत होता. खेळाडूंच्या संघटनेकडून शिक्षणाला मदत मिळते, आठवड्यात त्यासाठी वेळही मिळतो. बरेच जण तो गोल्फवर घालवतात. आणि गाव परत घेतं. एएफएल खेळून आलेल्या पंचविशीतल्या माणसाला लीगमधले क्लब खेळाडू-कोच म्हणून बोलावतात, सामन्याचे चांगले पैसे देतात, सोबत एखादी नोकरी बघून देतात. गावच्या फुटीत आता प्रत्येक खेळाडूला गुण आणि संघाला मर्यादा असते, त्यामुळे पैसेवाला क्लब सगळे जुने खेळाडू गोळा करू शकत नाही, आणि घरच्या मुलाला घरचा क्लब स्वस्त पडतो. मी याला अपयश म्हणत नाही. मेलबर्नला दोन वर्षं काढून आलेला, सव्वीस वर्षांचा, सुतारकाम करणारा आणि शनिवारी गावाचा कप्तान असलेला माणूस मला रोज भेटतो, आणि त्याचं बरं चाललेलं असतं.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. कुंपणापलीकडून कधीतरी काहीतरी ऐकू येईल. एएफएलमध्ये १९९५ पासून वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम आहे, गावच्या लीगनाही तो लागू पडतो, आणि तरीही गुड्ससारख्या खेळाडूची कारकीर्द प्रेक्षकांच्या हुर्योत संपली; २०१९ मध्ये एएफएलने त्याची माफी मागितली. मुलाला आधीच सांगा की ऐकू आलं तर पंचाला किंवा ट्रेनरला तिथल्या तिथे सांगायचं, घरी येईपर्यंत पोटात ठेवायचं नाही. क्लबच्या अध्यक्षांना हंगामापूर्वी एकदा विचारा, अशा तक्रारीचं तुम्ही काय करता. उत्तर कसं येतं यावरून क्लब कळतो.

राहिलं डोकं. वहिनींची काळजी रास्त आहे आणि मी ती कमी करून सांगणार नाही. डॅनी फ्रॉली, बॅलरॅटजवळच्या बटाट्याच्या शेतावरचा, सेंट किल्डाचा कप्तान, २०१९ मध्ये गेला. त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा आजार सापडला. पॅडी मॅकार्टिन जिलाँगकडचा, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला, पण पुन्हा पुन्हा डोक्याला मार बसून २०२३ मध्ये थांबला. नियम आता कडक झालेत. गावच्या फुटीत कन्कशननंतर, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्यावर, किमान एकवीस दिवस सामना खेळता येत नाही, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्यानंतरही नाही. पण नियम तेव्हाच लागू होतो जेव्हा कुणी तरी 'मार लागला' असं म्हणतं. फायनल तोंडावर असली की मुलं लपवतात, आणि मोठी माणसं न बघितल्यासारखं करतात.

तेव्हा निवड शिबिराला पाठवा. जाण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवा आणि मुलाकडून होकार घ्या: डोक्याला लागलं तर स्वतः सांगायचं, आठवड्याचा कागद भरायचा, आणि निवड झाली तरी बारावी पूर्ण करायची. शिबिराच्या दिवशी पोटभर नाश्ता करून जाऊ दे, वापरलेले बूट घालू दे, नवे नकोत. टीम मॅनेजरकडे हंगामाचं वेळापत्रक मागून घ्या, आणि ते हातात आल्यावर गावच्या क्लबच्या कोचबरोबर बसून ठरवा की कुठल्या आठवड्यात तो थर्ड्सचा सामना खेळणार नाही. हे बोलणं एप्रिलच्या आत झालं पाहिजे, कारण एकदा सामने सुरू झाले की कुणीच आपला खेळाडू सोडायला तयार नसतं.